इंजिनवाल्या सायकलचा सायलेन्सर घरच्या घरी नीट कसा बसवायचा

इंजिन लावलेल्या सायकलचा आवाज एकाएकी फाटका येऊ लागला, चढावर ओढ कमी झाली आणि सिलिंडरपाशी काळं तेल दिसू लागलं, की हात आधी कार्बोरेटरकडे जातो. जेट साफ होतो, स्क्रू फिरवला जातो, प्लग बदलला जातो आणि आवाज तसाच राहतो. अशा वेळी आधी सायलेन्सर बघायचा. त्यातही पाइप फुटला आहे का, यापेक्षा तो इंजिनावर कसा बसला आहे हे बघायचं.

या लेखात सांगायची मुख्य गोष्ट एकच आहे. पाइप पोर्टवर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर पडण्याच्या तोंडावर, स्वतःहून सपाट बसला पाहिजे, आणि फ्रेमला धरणारी पट्टी त्या बसलेल्या पाइपाला जुळवून घेतली पाहिजे. आपण नेमकं उलटं करतो. आधी पट्टी फ्रेमला पक्की करतो, मग पाइप ओढून पोर्टशी आणतो आणि नट आवळून ताण जिरवतो. तो ताण जिरत नाही. इंजिन तापतं, थरथरतं आणि थोड्याच दिवसांत पॅकिंग (सांध्यात दाबून बसवलेला थर) जळतं, पट्टी तुटते किंवा स्टडचे, म्हणजे नट बसवायला इंजिनात रोवलेल्या दांड्यांचे, आटे जातात. नागपुरात सिमेंटच्या रस्त्यांवर तर दर सांध्याला एक झटका बसतो. सायकलच्या फ्रेमला शॉकॲब्सॉर्बर नसतो, त्यामुळे तो झटका थेट पट्टीवर येतो.

इथे सांगितलेलं काम साध्या सायकलवर बसवायच्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या किटसाठी आहे. यात इंजिन फ्रेमच्या त्रिकोणात बसतं, एक्झॉस्टचं तोंड पुढच्या चाकाकडे असतं आणि तिथून पाइप वळून खाली मागे जातो. पेडलवाली जुनी लूना अजून चालू ठेवणारी घरंही नागपुरात आहेत. कायनेटिकने ती १९७२ साली पुण्यात काढली. तिचं इंजिनही टू-स्ट्रोक, ५० सीसीचं, त्यामुळे कार्बन, पॅकिंग आणि ताण यांबद्दलचं सगळं तिलाही लागू पडतं. फक्त पाइपाचा आकार आणि धरण्याच्या जागा वेगळ्या.

कायद्याचं आधीच सांगून ठेवतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेली, चारपेक्षा कमी चाकांची गाडी 'मोटार वाहन' या व्याख्येत येत नाही. किटची इंजिनं बहुधा त्याहून मोठी असतात. म्हणजे ती सायकल सार्वजनिक रस्त्यावर न्यायची तर नोंदणी, विमा, लायसन्स सगळं आलं. शेतावर किंवा स्वतःच्या आवारात चालवणं वेगळं. शिवाय मोटार वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सांगतो. तेव्हा आवाज 'दमदार' करण्यासाठी आतली नळी काढणं किंवा मागच्या टोपीला भोकं पाडणं या लेखात नाही. त्यात इंजिनाचाही फायदा नाही. कारण पुढे येतंच.

पाइप इतका का महत्त्वाचा

टू-स्ट्रोक इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात आणि पिस्टनच त्या उघडतो, झाकतो. पिस्टन खाली येताना आधी एक्झॉस्टची खिडकी उघडते आणि लगेच पेट्रोल आणि हवेचं ताजं मिश्रण आत येण्याच्या खिडक्याही उघडतात. काही क्षण दोन्ही उघड्या असतात. त्या वेळात जळलेल्या धुरामागोमाग ताजं पेट्रोलही बाहेर पळू पाहतं. त्याला अडवतो तो पाइप. धुराचा पहिला दाब पाइपात लाटेसारखा धावतो, पुढच्या अडथळ्यावर आपटून परत येतो आणि वेळ जुळली तर पळणारं मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलतो. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीच्या एमझेड या मोटारसायकल कारखान्यात वाल्टर काडेन यांनी याच लाटेवर काम करून रेसिंग इंजिनांची ताकद कितीतरी वाढवली. त्यांचा रेसर एर्न्स्ट डेगनर १९६१ मध्ये देश सोडून गेला आणि ती विद्या सुझुकीकडे पोचली. आपल्या किटचा सायलेन्सर त्या दर्जाचा नसतो, पण तत्त्व तेच आहे.

सांध्यातून धूर गळू लागला की लाटेचा जोर तिथेच फुटतो. आतली नळी काढली तर लाट परतायची जागाच बदलते. आवाज वाढतो म्हणून ताकद वाढली असं वाटतं, पण सायकल चढावर ओढत नाही. हेच कार्बनने चोंदलेल्या पाइपाचं. धूर बाहेर पडायला जागा नसली की ताजं मिश्रण आत यायलाही जागा राहत नाही.

हाताशी काय लागेल

दहाचा रिंग पाना बहुतेक कामं करतो, कारण किटच्या एक्झॉस्टचे स्टड साधारणतः ६ मिमीचे असतात आणि त्यांचा नट १० च्या पान्याचा. काही किटना ८ मिमीचे स्टड येतात, तेव्हा १२ किंवा १३ चा पाना घ्या. सोबत पक्कड, पेचकस, एक सपाट आणि एक गोल कानस, तारेचा ब्रश, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, जाड काचेचा तुकडा, बांबूची कामटी, सायकलचा पंप आणि साबणाचं पाणी. प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकवाला काटा घरात असला तर तोही काढून ठेवा, नट आवळताना तो फार कामाचा आहे.

विकत आणायच्या गोष्टी थोड्या. दोन स्टीलचे होज क्लिप, २५ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड लोखंडी पट्टीचा हातभर तुकडा, चार-सहा नट-वॉशर आणि उष्णता सोसणाऱ्या गॅसकेट शीटचा तुकडा. नागपूरच्या इतवारी बाजारपेठेतल्या लोहाओळीत हे सारं सुटं मिळतं, पट्टी तर हवी तितकी कापूनही देतात. शीट घेताना ॲस्बेस्टॉस नसलेली मागा आणि जुनं पॅकिंग कोरडं खरवडू नका. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसात जाते. आधी पाण्याने भिजवा, मग ओलं असतानाच काढा.

नायलॉनची चकती असलेले लॉकनट सायकलवर इतरत्र चांगले, पण पोर्टवर नकोत. तिथल्या उष्णतेत नायलॉन वितळतं. साधं स्प्रिंग वॉशरही तापून तापून मऊ पडतं आणि त्याची स्प्रिंग जाते. पोर्टवर साधे नट दुहेरी लावा, म्हणजे एकावर दुसरा चेकनट. पितळी नट मिळाले तर उत्तम, ते स्टडला गंजून चिकटत नाहीत.

काम सकाळी करा. मे महिन्यात, नवतपाच्या आसपास पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा गच्चीवर दुपारी ठेवलेला पानासुद्धा हातात धरवत नाही. इंजिन आदल्या रात्रीपासून थंड असलं पाहिजे. पेट्रोलचा कॉक बंद, प्लगची कॅप काढलेली. इंजिन चालू करून बघायचं असेल तेव्हा सायकल अंगणात काढा. बंद पडवीत किंवा पार्किंगमध्ये टू-स्ट्रोकचा धूर साठतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

काढण्याआधी बघा

नट सैल करण्याआधी पाच मिनिटं नुसतं निरीक्षण करा, कारण एकदा पाइप निघाला की अर्धा पुरावा गेला. पोर्टच्या सांध्याभोवती काळी तेलकट रेघ कुठल्या बाजूला आहे? ती एकाच बाजूला असेल तर फ्लँज, म्हणजे पाइपाच्या टोकाची पोर्टवर टेकणारी पट्टी, वाकडा बसला आहे. चारी बाजूंना असेल तर पॅकिंग गेलं आहे. पट्टी तुटली असेल तर तुटलेल्या कडा बघा. कडेला गंज आणि आत चकचकीत लोखंड दिसलं तर भेग जुनी होती आणि ती हळूहळू वाढत गेली.

मग सगळ्यात महत्त्वाची तपासणी. पट्टीचा बोल्ट आधी सोडा आणि पाइपाकडे बघत राहा. बोल्ट सुटताच पाइप टुणकन वर उडाला, खाली गेला किंवा बाजूला सरकला, तर तो इतके दिवस ताणात होता. किती सरकला ते मोजून ठेवा. नव्या पट्टीचं माप तेच आहे. काहीच हललं नाही तर तुमचं काम निम्मं झालं.

आता पोर्टचे नट. ते गंजले असतील तर गंज सोडवणारं तेल टाकून काही तास थांबा. जोर लावला तर नटाऐवजी स्टडच फिरत बाहेर येतो. तसा आला तरी घाबरू नका. त्यावर दोन नट एकमेकांवर घट्ट बसवा आणि स्टड परत बसवताना वरचा नट फिरवा. पण स्टड बाहेर येताना आट्यांमध्ये ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळून आली, तर सिलिंडरचे आटे गेले. तिथे घरचं काम थांबतं. आटे नव्याने पाडून त्यात स्टीलचं स्प्रिंगसारखं आट्यांचं वेटोळं बसवायला लेथवाल्याकडेच जावं लागतं.

कार्बन काढणं

पाइप निघाला की पोर्टमध्ये डोकावा. मागचं चाक हळू फिरवून, क्लच जोडलेला ठेवून, पिस्टन वर चढवा आणि तो खिडकी पूर्ण झाकेल तिथे थांबवा. आता कामटीने खिडकीच्या कडेचा कार्बन बाहेरच्या बाजूला खरवडा. लोखंडी पेचकस वापरू नका. पिस्टनवर एक ओरखडा पडला तरी तिथून दाब गळतो, आणि रिंग खिडकीच्या कडेला अडकण्याची भीती राहते. सुटलेली खपली ग्रीस लावलेल्या फडक्याने टिपून घ्या आणि लगेच पोर्टमध्ये स्वच्छ कापडाचा बोळा घाला.

बहुतेक किटच्या सायलेन्सरला मागे टोपी असते. ती एका बोल्टवर धरलेली असते आणि तिच्याशी भोकांची नळी जोडलेली असते. टोपी काढून नळी ओढून घ्या. सुका कार्बन तारेच्या ब्रशने जातो, भोकं तारेने मोकळी करायची. ओला, डांबरासारखा चिकट कार्बन असेल तर तेलाचं प्रमाण जास्त आहे. एका लिटर पेट्रोलला ३१ मिली टू-टी तेल म्हणजे ३२ ला १, ४० मिली म्हणजे २५ ला १. नव्या इंजिनाला सुरुवातीच्या काळात तेल जास्त लागतं, नंतर किटच्या पुस्तिकेत दिलं आहे तितकंच घाला. अंदाजाने झाकण-दोन झाकणं ओतण्याची सवय हीच निम्म्या चोंदलेल्या सायलेन्सरांमागे असते. औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण घ्या, काम सोपं होतं.

ब्रशने जात नसेल तर कॉस्टिक सोडा. हा धोक्याचा उपाय आहे, म्हणून नीट वाचा. सायलेन्सरला चुंबक लावून बघा. चुंबक चिकटलं तर स्टील आहे, चालेल. ॲल्युमिनियमला हा सोडा खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघतो. म्हणून इंजिनाचा कुठलाही भाग किंवा ॲल्युमिनियमचं भांडं त्यात जाता कामा नये. प्लास्टिकच्या बादलीत आधी थंड पाणी, मग त्यात हळूहळू सोडा, लिटरला साधारण १०० ग्रॅम. सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. रात्रभर भिजवा, सकाळी वाहत्या पाण्याने भरपूर धुवा, उन्हात पूर्ण वाळवा. बादली मुलं आणि गाईगुरं पोचणार नाहीत अशा जागी ठेवा. बाहेरचा रंग यात निघून जातो, तो नंतर पुन्हा द्यायचा.

सायलेन्सर आगीत टाकून जाळणं ही जुनी रीत आहे. मी ती सुचवणार नाही. आत पेट्रोलची वाफ उरली असेल तर भडका उडतो, तेलाचा काळा धूर शेजाऱ्यांच्या घरात जातो आणि पत्रा तापून वाकला की फ्लँज सपाट राहत नाही.

फ्लँज आणि पॅकिंग

या टप्प्यावर सगळे घाई करतात, आणि गळती इथेच जन्माला येते. किटच्या पाइपाचा फ्लँज म्हणजे जाड पत्र्याचा तुकडा, त्याला पाइप वेल्डिंगने जोडलेला. वेल्डिंगच्या उष्णतेने तो पत्रा बहुतेक वेळा किंचित वाकलेला असतो. डोळ्यांना दिसत नाही. काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर पसरा, थोडं पाणी टाका आणि फ्लँज त्यावर इंग्रजी आठच्या आकारात घासा. दहा-बारा वेळा घासून बघा. फक्त दोन कानांवर चमक आली आणि मधल्या भोकाभोवती काळंच राहिलं, तर मध्ये पोकळी आहे. कितीही आवळलं तरी तिथून धूर येणारच. पूर्ण गोल चकचकीत होईपर्यंत घासत राहा, फरक मोठा असेल तर आधी सपाट कानस. घाम निघतो, पण या एका कामाने गळती थांबते. वेल्डिंगचा थेंब भोकाच्या आत आला असेल तर तो गोल कानसीने काढा. सिलिंडरचं तोंड मात्र घासायचं नाही. ते मऊ ॲल्युमिनियम आहे, ओल्या फडक्याने पुसून फक्त चिकटलेलं जुनं पॅकिंग काढा.

पॅकिंग घरी करणं अवघड नाही. शीट फ्लँजवर ठेवा आणि छोट्या हातोडीच्या गोल टोकाने कडेकडेने हलकं ठोकत जा. कडांच्या रेषा शीटवर उमटतात, त्यावरून कात्रीने कापा. मधलं भोक पोर्टपेक्षा एक-दोन मिमी मोठंच ठेवा. पॅकिंगची कड धुराच्या वाटेत आली तर ती जळते, तिचे तुकडे सुटतात आणि सांधा पुन्हा गळतो.

शीट न मिळाल्यास तांब्याचा पत्रा सर्वांत चांगला, साधारण १ मिमी जाड. कासाराकडे किंवा भांडी दुरुस्त करणाऱ्याकडे तेवढा तुकडा मिळून जातो. कापल्यावर तो पकडीत धरून गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. लोखंड असं केल्याने कडक होतं, तांबं मऊ होतं. मऊ तांबं आवळल्यावर बारीक खाचांत भरून जातं. पुढच्या वेळी पाइप काढला की तेच पॅकिंग पुन्हा लाल करून वापरता येतं. लाल सिलिकॉनची ट्यूब मात्र एकटीच्या भरवशावर लावू नका. पोर्टपाशी धूर इतका तापलेला असतो की ती काही दिवसांत पापुद्र्यासारखी सुटते.

बसवण्याचा क्रम

पोर्टमधला कापडाचा बोळा काढलात ना, हे आधी बघा. पिस्टनने खिडकी झाकलेली राहू द्या, पुढच्या तपासणीला ते लागणार आहे.

स्टडवर पॅकिंग, त्यावर फ्लँज, मग दोन्ही नट फक्त बोटांनी. पाना हातात घ्यायचा नाही. आता पाइप हाताने हलवा, खालीवर, डावीउजवीकडे. मग त्याला सोडून द्या आणि तो कुठे थांबतो ते बघा. ती त्याची जागा. त्या जागी फ्लँज पॅकिंगवर चारी बाजूंनी टेकलेला असला पाहिजे. मागून टॉर्च धरून समोरून बघा, कुठे उजेडाची फट दिसते का.

पाइप त्याच जागी पेडल, चेन किंवा पुढच्या चाकाला लागत असेल तर ते आत्ताच कळू द्या. पेडल पूर्ण गोल फिरवा, हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा, पुढच्या मडगार्डकडे बघा. कोणी तरी सीटवर बसून पाय पेडलवर ठेवावा, टाच पाइपाला लागू नये. सगळीकडे निदान बोटभर मोकळी जागा हवी, कारण इंजिन चालू झालं की पाइप हलतो. क्लचची वायर आणि पेट्रोलची नळी पाइपापासून जितकी दूर जाईल तितकी न्या.

जागा कमी असेल तर पाइप इंजिनावर असताना वाकवू नका. सगळा जोर त्या दोन बारीक स्टडवर येतो. काढून घ्या. थोडा वळण-फरक करायचा असेल तर वेल्डिंगवाल्याकडे जा. तो पाइपात कोरडी वाळू ठासून, तापवून वाकवतो, त्यामुळे पाइप चपटा होत नाही. कापून पुन्हा जोडायचा असेल तर लांबी शक्यतो तीच ठेवायला सांगा. पाइप आखूड झाला की लाट लवकर परतते आणि इंजिनाची ओढ वरच्या वेगाकडे सरकते. गल्लीबोळातून, हळू चालणाऱ्या सायकलला ते नकोच असतं.

पाइपाची जागा ठरली की मग पट्टी. किटसोबत येणारी पातळ पट्टी मी ठेवतच नाही. लोखंडी पट्टीचा तुकडा कापून तो फ्रेमपासून सायलेन्सरपर्यंत पोचेल असा वाकवा. सायलेन्सरच्या बाजूला होज क्लिपने धरा, फ्रेमच्या बाजूला जुन्या टायरचा रबरी तुकडा मध्ये घालून दुसऱ्या क्लिपने. रबर फ्रेमकडेच हवं, सायलेन्सरकडे नको. गरम बाजूला ते कडक होऊन तुकडे पडतात. पट्टीत बोल्टसाठी पाडलेलं भोक गोल कानसीने लांबट करा, १० ते १२ मिमीचं. ही लांबट खाच फार महत्त्वाची आहे. तिच्यामुळे पट्टी स्वतः सरकून पाइपाच्या जागेशी जुळते आणि पाइपाला ओढत नाही. 'भाऊ, पट्टी कायले घासून राहिले, आवळून टाका ना,' असा सल्ला शेजारून मिळेल. तरीही घासा.

आता आवळण्याचा क्रम. आधी पोर्टचे नट, आलटूनपालटून, दर वेळी पाव फेरा. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं केलं की फ्लँज तिरका होतो. ६ मिमीच्या स्टडला ॲल्युमिनियममध्ये साधारण ८ न्यूटन-मीटर पुरे. टॉर्क पाना नसेल तर तो बॅगेचा काटा घ्या. नटाच्या मध्यापासून बरोबर १० सेंटिमीटरवर पान्याला हुक लावा आणि पान्याला काटकोनात ओढा. काट्यावर ८ किलो दिसले की थांबा. मग चेकनट. त्यानंतर पट्टीचा बोल्ट, आणि सर्वांत शेवटी होज क्लिप. बोल्ट आवळताना पाइपाकडे लक्ष ठेवा. तो हलला तर खाच कमी पडते आहे, थोडी वाढवा.

सायलेन्सरचं मागचं तोंड कुठे बघतं आहे? हे फार कोणी पाहत नाही, आणि सायकलवर यात खरा धोका आहे. टू-स्ट्रोकच्या धुरात न जळलेलं तेल असतं, थेंब पडतात. तोंड मागच्या चाकाकडे असेल तर ते तेल टायरवर आणि रिमवर जातं. सायकलचा ब्रेक रिमलाच धरतो. तेलकट रिमवर ब्रेकचे रबर घसरतात आणि उतारावर सायकल थांबत नाही. तोंड खाली आणि बाहेरच्या बाजूला करा. पाय, धोतर, साडी, ओढणी पाइपाशी येण्याची शक्यता असेल तर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं आवरण होज क्लिपने लावा, मध्ये बोटभर हवा खेळती ठेवून. कोणाला चटका बसलाच तर त्या जागेवर २० मिनिटं वाहतं साधं पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद काही लावू नका.

गळती इंजिन चालू न करता तपासा

पिस्टन खिडकी झाकून बसला आहे, म्हणजे पाइप एका बाजूने बंद. मागच्या तोंडावर ओल्या फडक्याचा बोळा गुंडाळून त्यातून सायकल पंपाची नळी आत घाला. पोर्टच्या सांध्यावर आणि टोपीच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावा आणि दुसऱ्या माणसाला हळू पंप मारायला सांगा. बुडबुडे जिथे फुगतील तिथे गळती. टोपीपाशी एखाद-दुसरा बुडबुडा चालतो. पोर्टपाशी एकही नको. तिथे आला तर नट आणखी आवळण्याऐवजी पाइप पुन्हा काढा आणि फ्लँज काचेवर घासून बघा.

सगळं कोरडं दिसलं की साबणाचं पाणी पुसून इंजिन चालू करा. पाच-सात मिनिटं अंगणात, मग बंद. पूर्ण थंड होऊ द्या आणि पोर्टचे नट पुन्हा त्याच काट्याने तपासा. नवं पॅकिंग पहिल्या तापण्यात दबतं, नट जवळपास नेहमीच थोडे सैल मिळतात. गरम असताना आवळायचं नाही, तापलेल्या ॲल्युमिनियममध्ये आटे लवकर जातात.

रंग द्यायचा तर आता, पाइप स्वच्छ आहे तोवर. ६०० अंश सोसणारा हीटप्रूफ रंग घ्या, पातळ दोन हात. साधा ऑइलपेंट पहिल्याच दिवशी जळून वास मारतो. पावसाळ्याआधी दिलेला हात पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बऱ्यापैकी टिकतो. वेल्डिंगच्या रेषेवर जास्त लक्ष द्या, गंज तिथूनच सुरू होतो.

चोंदलेला सायलेन्सर साफ झाला की इंजिनाची श्वास घेण्याची रीत बदलते, त्यामुळे एक-दोन चकरांनंतर प्लग काढून बघा. टोकावरचं पांढरं चिनी मातीसारखं इन्सुलेटर चहाच्या रंगाचं असेल तर छान. काळं, ओलं असेल तर मिश्रण जड आहे, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त आहे. एकदम पांढरंफटक दिसलं तर मिश्रण हलकं आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतं आहे, आणि इंजिन जास्त तापतं आहे, ही स्थिती तशीच ठेवू नका. किटच्या कार्बोरेटरमध्ये सुईला खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप असते. क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. क्लिप वर सरकवली की कमी होतं. एका वेळी एकच खाच, मग पुन्हा चक्कर, पुन्हा प्लग. नागपूरच्या भर उन्हाळ्यात गरम हवा विरळ असते आणि तीच खाच थोडी जड वाटते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हवा दाट होते आणि तेच मिश्रण हलकं पडतं. म्हणून उन्हाळ्यात नेमकं जुळवलेलं असेल तर थंडी पडल्यावर प्लग एकदा बघून घ्या.

पुढे दर टाकीला एक नजर पुरते. पोर्टभोवती काळी रेघ आली का, आणि पट्टीचा बोल्ट खाचेत जिथे होता तिथेच आहे का. बोल्टवर आणि पट्टीवर मिळून नेलपॉलिशची एक आडवी रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की पाना काढायची वेळ झाली.